तळीला पाचवा हात

त्या वर्षी चंपाषष्ठीला आमच्या घरी तळी उचलली गेली नाही, आणि त्यानंतर लढाईवरून ह्यांची पत्रं यायची बंद झाली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण सासूबाईंना वाटत होतं, आणि एका घरात दोघीच बायका असल्या की एकीची भीती दुसरीला लागल्याशिवाय राहत नाही. घरात मी त्यांची समजूत घालायची आणि पाण्याला गेले की विहिरीच्या काठाशी उभी राहून मीच देवाला विचारायची, "बाबा रे, एक ताट उचललं नाही म्हणून तू एवढा रागावशील का?" देव काही बोलायचा नाही. घागर मात्र भरायची, आणि मी घरी यायची.

आमचं गाव जळकोट. राज्य निजामाचं, आणि जगात दुसरी मोठी लढाई पेटलेली. आमच्या गावाला ती लढाई ठाऊक झाली ती रॉकेल मिळेनासं झालं म्हणून आणि गावातले दोन जण लष्करात गेले म्हणून. एक माझे यजमान, आणि दुसरा समोरच्या घरातला मेहबूब. मेहबूबचे वडील दस्तगीरचाचा गाडीवान होते. त्यांची बैलगाडी आणि आमचं अंगण यांच्यामध्ये एक बोळ काय तो होता, आणि त्या बोळातच हे दोघं लहानाचे मोठे झाले. एकदा चाचांची गाडी घेऊन दोघं करडई विकायला सोलापूरला गेले आणि परत आले ते लष्करात नाव घालूनच. सासूबाईंनी दोघांनाही एकाच आवाजात फैलावर घेतलं. "एकाला अक्कल नव्हती, तर दुसऱ्यानं तरी ठिवायची व्हती!" दोघंही खाली मान घालून हसत होते. त्यांना मोटार चालवायला शिकवलं आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला धाडलं, एवढंच पुढे आम्हाला कळलं. ब्रह्मदेश पूर्वेला आहे असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून सासूबाई सकाळी सूर्याला हात जोडून जरा जास्त वेळ उभ्या राहू लागल्या.

खंडोबा आमचं कुलदैवत. तळी भरायची म्हणजे ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी आणि विड्याची पानं ठेवायची, पाच पुरुषांनी त्याला हात लावायचा, आणि "सदानंदाचा येळकोट" म्हणत ते तीनदा वर उचलायचं. मग पाचांपैकी कुणीतरी आपलं पागोटं नाहीतर टोपी खाली ठेवायची आणि त्यावर ताम्हण टेकवायचं. रिकाम्या जमिनीवर ते ठेवायचं नसतं. एवढासा विधी, भाकरी थापायलाही ह्याहून जास्त वेळ लागतो. पण सासूबाईंचं म्हणणं असं, की पाचांतला पहिला हात घरच्या पुरुषाचा पाहिजे. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले, दीर कुणी नाही, आणि हे तिकडे दूर. भावकीतले, शेजारचे लोक बोलावल्यासरशी आले असते. सासूबाई हट्टाला पेटल्या. ताम्हण भरून देवापुढे ठेवलं, ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ते रिकामं केलं तेव्हा खोबऱ्याला मुंग्या लागल्या होत्या.

पत्रं थांबल्यावर त्यांनाच आपल्या हट्टाची भीती वाटू लागली. मग एके सकाळी चुलीपुढे बसल्याबसल्या त्यांनी तोडगा काढला. "देवाच्या दारात भरू तळी. देवाच्या दारात जो असंल, त्यो देवाच्या घरचा. मंग आपल्या घरचाच की." इतका सरळ विचार त्यांना आधी का सुचला नाही, असं मनात आलं, पण बोलले नाही. सून होते मी.

आता आमच्या देवाची एक गंमत सांगितली पाहिजे. देव एक आणि गावं दोन. अणदूर आणि नळदुर्गाजवळचं मैलारपूर अशा दोन ठिकाणी त्याची देवळं, पण मूर्ती एकच. वर्षातला बराचसा काळ देव अणदूरला असतो. मार्गशीर्षात तो मैलारपूरला येतो, पौषातली मोठी यात्रा तिथं होते, आणि मग दोन्ही गावच्या मानकऱ्यांचं ठरलं की परत अणदूरला जातो. त्यामुळे आमच्याकडे दर्शनाला निघण्याआधी देव कुठं आहे हे विचारून घ्यावं लागतं. त्या वर्षीच्या यात्रेला सासूबाई तापानं अंथरुणाला खिळलेल्या. बऱ्या झाल्या तेव्हा माघ लागला होता. मी म्हटलं, "आत्याबाई, कुणाला तरी विचारून घेऊ, देव हलला असंल." त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की जणू मी त्यांना त्यांच्या माहेरची वाट सांगत होते. "लगीन होऊन आले तवापास्नं जातीय मी. अजून हलत न्हाय देव."

दस्तगीरचाचांनी गाडी जुंपली. त्यांना सांगावंही लागलं नाही. मेहबूबचंही पत्र नव्हतंच. रविवार होता, ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना जोंधळा उभा आणि कुठंतरी हुरडा भाजल्याचा वास. मांडीवर ताम्हण, शेजारी रोडगे आणि वांग्याच्या भरताची पाटी. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला फार बरं वाटत होतं. काहीतरी करायला निघालो होतो. घरात बसून वाट बघण्यापेक्षा ते कितीतरी सोपं होतं. वाटेत एका बैलाच्या खुराची लोखंडी पत्री निघून पडली आणि तो लंगडू लागला, म्हणून चाचा खाली उतरून त्याच्याबरोबर चालू लागले. बोरी नदीच्या काठाला, मैलारपूरच्या देवळापुढे गाडी उभी राहिली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

अंगणात एक बाई झाडत होती. यात्रेतल्या नारळांच्या शेंड्या, वाळलेली पानं, विझलेल्या चुलींची राख, सगळं ती एका कोपऱ्यात लोटत होती. आम्हाला बघून तिनं खराटा थांबवला. "देव काल गेला की अणदूरला," ती म्हणाली. "वाजतगाजत गेला. तुमी आज कशा आलाव?"

गाभाऱ्यात देवाच्या जागी हळदीची पिवळी खूण आणि चार सुकलेली झेंडूची फुलं होती. सासूबाई थोडा वेळ तिकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग पायरीवर खाली बसल्या. हे गेले त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. पत्रं थांबली तेव्हाही रडल्या नव्हत्या. तिथं त्या पायरीवर, मांडीवर ताम्हण धरून, हमसून हमसून रडू लागल्या. "माज्यासाठी एक दिस थांबला न्हाय," एवढंच म्हणत होत्या. दस्तगीरचाचा खाली मान घालून बैलाचा पाय बघत होते. अणदूरला जायचं तर तेवढीच वाट पुन्हा पुढं, आणि बैल पाय टेकवत नव्हता. गाभाऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघून माझ्या मनात आलं, की घरात पुरुष नाही म्हणून तळी राहिली, आणि आता देव घरात नाही म्हणून राहणार. मला देवाचा रागही आला. तो राग लपवावा असं मला आजही वाटत नाही, कारण त्याच घटकेला रस्त्यावर मोटारीचा आवाज झाला.

लष्कराची मोठी लॉरी होती. सोलापूरकडून येत होती आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. इंजिनाला पाणी पाहिजे म्हणून ती नदीशी थांबली. खाकी कपड्यातले चार जवान डबे घेऊन उतरले. त्यातला एक दाढीवाला उंच शीख होता. एक मद्रासकडचा, सावळा, अबोल. एक बारीक डोळ्यांचा, डोंगराकडचा असावा, सारखा हसरा. चौथा मात्र देवळाच्या कळसाकडे बघून थबकला, हातातला डबा खाली ठेवला, पायातले बूट काढले आणि थेट आमच्याकडे आला.

"मावशी, तळी हाय न्हवं ही? मग उचलायची सोडून रडतीस कशापायी?"

तो सातारच्या बाजूचा होता आणि त्याच्याही घरचा देव हाच. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "देव न्हाय रं बाबा. अणदूरला गेलाय. आन् उचलायला घरचं कुणी न्हाय. पोरगं लढाईवर हाय."

"आमी बी तिकडंच निघालोय," तो म्हणाला. आणि वळून त्यानं नदीकडे तोंड करून हाक मारली. तिघंही हातातलं काम टाकून आले. त्यानं त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण शीख जवान दस्तगीरचाचांशी उर्दूत काहीतरी बोलला आणि चाचांनी ते आम्हाला सांगितलं. "म्हणतेत, आमची आई बी मागं अशीच रडत असंल. आमी ते बघितलेलं न्हाय. ह्या माईला अशी बघून गाडी पुढं काढायचं मन हुईना."

चार झाले. पाचवा पाहिजे होता. झाडणारी बाई तेवढी उरली होती, आणि मी. सासूबाईंनी बैलाजवळ उभ्या असलेल्या चाचांकडे पाहिलं. "दस्तगीर, ये की. तू काय पाव्हणा हाईस व्हय?"

"आलो वैनी," चाचा म्हणाले. "हात धुतो. आमच्यात बी ह्या देवाला मल्लूखान म्हणतेत. मला कसली अडचण?"

ते नदीवर गेले, हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या हातांनीच येऊन ताम्हणाला हात लावला. सातारच्या जवानानं शब्द सांगितले, बाकीच्यांनी जमेल तसे म्हटले. शब्द वाकडेतिकडे होते पण आवाज असा होता की कळसावरची पाखरं उडाली. तीनदा ताम्हण वर गेलं. भंडारा उडाला, त्या हसऱ्याच्या भुवया पिवळ्या झाल्या आणि तो आणखीच हसू लागला. खाली ठेवायची वेळ आली तेव्हा सातारच्यानं आपली खाकी टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि त्यावर ताम्हण टेकलं. गाभारा रिकामा होता आणि तरीही काही कमी आहे असं वाटत नव्हतं. ह्याहून जास्त मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही.

मग रोडगे आणि भरीत. पाटी बघता बघता रिकामी झाली. मद्रासकडच्या त्या अबोल जवानानं भरीत खाल्लं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखटाशी झगडला, पण थांबला नाही. सासूबाईंनी एकेकाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. शिखासाठी त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या, मग तोच वाकला. निघताना सातारच्याच्या टोपीला लागलेला भंडारा मी झटकायला गेले तर त्यानं टोपी मागं घेतली. "राहू द्या वैनी. लागलंय ते लागलंय." पिवळी टोपी डोक्यावर घालूनच तो लॉरीत चढला. त्यांची नावं विचारायची राहून गेली.

परतीच्या वाटेवर सासूबाई मांडीवरचं ताम्हण पदरानं पुसत होत्या. मग म्हणाल्या, "देव नव्हता ते बरं झालं. असता तर मी त्याच्याकडंच बघत बसले असते." चाचा बैलाच्या बाजूनं चालता चालता हसले. मला मात्र त्या चार जणांच्या आया डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. माझ्या नवऱ्यासाठी ज्यांनी हात लावला त्यांच्यासाठी त्यांच्या गावी कोण काय करत असेल? त्या दिवसापर्यंत लढाई म्हणजे माझे हे, एवढंच मला ठाऊक होतं.

पुढे पत्र आलं, दोघंही सुखरूप असल्याचं. आमच्या बोळात त्या दिवशी गूळ वाटला. आणि त्यानंतर, लढाई संपत आली असं लोक म्हणू लागले होते तेव्हा, समोरच्या घरी तार आली. मेहबूब गेला. कुठल्याशा नदीच्या काठी, लॉरीसकट. सासूबाई त्याच्या आईजवळ जाऊन बसल्या त्या किती दिवस घरी जेवायलाच आल्या नाहीत. मला त्या दारात जायची हिंमत होईना. माझ्या नवऱ्यासाठी ज्या माणसानं ओल्या हातांनी तळी उचलली, त्याचाच मुलगा गेला होता. शेवटी चाचाच एकदा आमच्या अंगणात आले. मी पदर डोळ्यांना लावून उभी. ते म्हणाले, "सूनबाई, उचलताना म्या दोघांचं बी नाव घेतलं व्हतं. वरच्या मालकानं एकाचं ऐकलं. एकाचं तरी ऐकलं की." मी तेव्हा फार रडले. त्यांच्या बोलण्यात कडूपणाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

लढाई संपली, हे परत आले. डावा पाय थोडा ओढत होते, पण आले. घरात पाऊल टाकायच्या आधी ते समोरच्या घरी गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्या वर्षीची चंपाषष्ठी आली. आता घरचा पुरुष घरात होता. ताम्हण भरलं, देवापुढे ठेवलं. भावकीतले दोघं आले, शेजारचा एक आला. ह्यांच्यासकट चार झाले. पाचवा कोण हे सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. ज्याचा मुलगा आला नाही त्याला, आमचा मुलगा आला म्हणून तळी उचलायला ये, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसून ताम्हणातली सुपारी उगाच इकडची तिकडं करत होत्या. हे दारात उभे राहून बोळाकडे बघत होते. दुसऱ्या कुणाला तरी बोलावू, असं भावकीतला एक जण हलक्या आवाजात म्हणाला. ह्यांनी मान हलवली.

तेवढ्यात समोरचं दार वाजलं. दस्तगीरचाचा बोळ ओलांडून आले. हात कोपरापर्यंत ओले होते, आणि एका हातात काहीतरी घट्ट धरलं होतं.

"मला सोडून उचलता व्हय तळी?" ते म्हणाले. "वैनी, इसरलाव काय? पाचवा हात माजा हाय."

सासूबाई सरकल्या आणि त्यांनी जागा करून दिली. पहिला हात ह्यांनी लावायचा होता, पण ह्यांनी चाचांचा हात धरून आधी ताम्हणावर ठेवला आणि मग स्वतःचा ठेवला. घरच्या पुरुषाच्या पहिल्या हाताचा त्यांचा तो हट्ट त्या दिवशी सुटला, तो पुन्हा कधी निघाला नाही. तीनदा तळी वर गेली. ह्यांना येळकोट म्हणवेना. आरोळी चाचांनीच दिली.

तळी खाली ठेवायची वेळ आली. ह्यांनी डोक्याचा पटका सोडायला हात वर नेला, तर चाचांनी मुठीतलं ते पुढं केलं. खाकी टोपी होती. लष्करानं मेहबूबचं सामान घरी धाडलं, त्यात आलेली. चाचांनी ती जमिनीवर ठेवली, तळव्यानं नीट सारखी केली आणि म्हणाले, "हिच्यावर ठिवा."

ताम्हण त्या टोपीवर टेकलं. हे तिथंच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. चाचांनी त्यांच्या कपाळाला भंडारा लावला, मग स्वतःच्या कपाळाला लावला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि आपल्या घरच्यांसाठी एक मागून घेतला. जाताना टोपी उचलली, झटकली नाही, आणि तशीच छातीशी धरून बोळ ओलांडून गेले.

पुढे निजामाचं राज्य जाताना आमच्या मुलखात वाईट दिवस आले. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला ओळखू नये असे दिवस. आमचा बोळ तेवढा होता तसाच राहिला, ही देवाची कृपा आणि दस्तगीरचाचांची. आता चाचा नाहीत, सासूबाई नाहीत, हेही गेले. मी म्हातारी झाले आहे आणि माझ्या मनाला आता फारशी घालमेल नसते. देव कुठल्या गावी आहे याची चौकशी मी करत नाही. ताट भरून पुढं धरायचं एवढं आपलं काम, असं मी नातवंडांना सांगते. त्या चार जवानांचं पुढं काय झालं मला कधीच कळलं नाही. जे आले त्यांचं भलं होवो, आणि जे आले नाहीत त्यांच्या आयांच्या पायांवर माझं डोकं. आम्ही ज्या घरात सुखानं भाकरी खाल्ली ते त्यांनी राखलेलं घर आहे, हे मी एक दिवसही विसरले नाही.

चंपाषष्ठीला अजूनही समोरच्या घरातून कुणीतरी हात धुऊन येतं आणि बरोबर मेहबूबची टोपी आणतं. तळी तिच्यावरच टेकते, आणि मग ती त्यांच्या घरी परत जाते. इतक्या वर्षांच्या भंडाऱ्यानं तिचा खाकी रंग आता कुठंच दिसत नाही, ती सगळी पिवळी झाली आहे.